चार बोटं वर

केकचा सगळ्यात वरचा मजला साहेबांच्या उजव्या बुटावर उतरला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता ते विसरून जाऊ. असं काही झालंच नाही. केक अजून बेकरीतच आहे आणि बुटावर नुसतं पॉलिश आहे.

सावकाशला सगळे सावकाशच म्हणायचे, कारण तो बेकरीचे केक पोचवायचा आणि गाडी मुंगीला साइड देत चालवायचा. पिकअप जुनी, मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेले, त्यामुळे तिचं पोट जमिनीला टेकायला आलेलं. त्यात रस्ते खात्याने बेकरीच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक घातला. गतिरोधक कसला, पुरलेला हत्तीच. पिकअप त्याच्यावर पोटाने अडायची, मग धाडकन उतरायची आणि मागे केक एकमेकांना मिठ्या मारायचे.

असे बरेच केक बेकरीवाल्या मावशींनी पोटात घातले, दोन्ही अर्थांनी. मग एक दिवस म्हणाल्या, "रस्ते खात्याच्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ आहे. तीन मजली केक. धड पोचला तर काम तुझं. नाही पोचला तर उद्यापासून टेम्पोवाला येईल. बोलणं झालंय माझं."

"मावशी, पण तो गतिरोधक त्यांनीच घातलाय."

"मग काय करू, त्यांना इथे येऊन खा म्हणू?"

सावकाशची चूल या एका कामावर पेटत होती. गाडी उंच करणं भाग होतं. शोरूमवाल्याने नव्या पाट्यांची किंमत सांगायच्या आधी "बसून घ्या" म्हटलं, तेव्हाच सावकाश उठला आणि बायकोच्या भावाकडे गेला. मेव्हणा मेकॅनिक होता, शिवाय घरचा होता, म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हती. त्यालाही आणि सावकाशलाही.

"दाजी, नवे पाटे कशाला?" मेव्हणा म्हणाला. "पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा सरकवायचा. एक डावीकडे, एक उजवीकडे. चार बोटं वर येते गाडी."

"चार बास होतील?"

"पाचवं धरलं तर अंगठा येतो. त्याचा हिशोब वेगळा."

बोटांनी मापणं ही बायकोच्या माहेरची रीतच. पातेल्यातलं पाणी बोटांनी, दाराची फट बोटांनी, जावईसुद्धा वितींनी मापून घेतलेला. बायको शिवणकाम करायची, टेप गळ्यातच असायची. पण ती माणसांची टेप. तिला ग्रीस लागलं तर उद्या ती कुणाच्या कमरेला लावू, हे तिचं म्हणणं रास्त होतं. टेप मिळणार नव्हती. बोटं हवी तेवढी घ्या म्हणाली.

डावा ठोकळा कापताना मेव्हण्याने स्वतःचा पंजा लोखंडावर ठेवला आणि खूण केली. उजव्याच्या वेळी तो गाडीखाली शिरलेला होता. खालूनच म्हणाला, "ताई, चार बोटं धर गं." ताईने धरली. मेव्हण्याची बोटं म्हणजे गाजरं. ताईची बोटं सुया ओवून ओवून सुयांच्याच नात्यात गेलेली.

जॅक काढला. पिकअप उजवीकडे कलून उभी राहिली, शेजारच्या घरातलं भांडण ऐकत असल्यासारखी.

दोघांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," बायको म्हणाली आणि हात पुढे केला. "मोजा."

मेव्हण्याने मोजली. चारच होती. मग स्वतःची मोजली. "माझीपण चारच आहेत. म्हणजे चूक गाडीची आहे."

लोखंड संपलं होतं, पैसे त्याच्याही आधी संपले होते आणि मावशींचा फोन वाजत होता. सावकाश तशीच गाडी घेऊन निघाला. मेव्हणा केक धरायला मागे हौद्यात बसला.

आणि सावकाशला गटाराने तारलं. रस्ता डावीकडे, गटाराच्या बाजूला, उतरता होता. पिकअप डावीकडून उंच होती. दोघांचं जमलं. बेकरीसमोर मावशींनी हौद्यात पाण्याचा पेला ठेवून पाहिला, तर पाणी एका काठाचीही बाजू घेईना. "बरं केलंस हो," त्या म्हणाल्या. हे त्या कुणाला म्हणत नसत. गतिरोधकावरून पोट न टेकता गाडी लोण्यासारखी उतरली. सावकाशने आरशात पाहिलं: तिन्ही मजले एकावर एक, एकत्र कुटुंबासारखे नाही, नीट.

"दाजी, कुणी विचारलं तर मुद्दाम केलं म्हणायचं," मागून मेव्हणा म्हणाला.

रस्ते खात्याच्या आवारात साहेबांनी जाता जाता नवी फरशी बसवून घेतली होती. अख्ख्या कारकिर्दीत त्यांनी सपाट केलेली तेवढी एकच जागा. पिकअप त्या सपाटीवर आली आणि पुन्हा भांडण ऐकायला कलली. ज्या बाजूला कलली, त्याच बाजूला साहेब स्वागताला उभे होते. मेव्हण्याने हौद्याचा तिकडचाच फाळका उघडला.

पुढचं झालंच नाही, हे ठरलेलं आहे. पण कुणीतरी त्याचा फोटो मावशींना पाठवला.

"बोल," फोनवर मावशी म्हणाल्या.

"मावशी, गाडी बरोबर आहे. यांचं आवार सपाट आहे."

मग मावशी म्हणाल्या, "टेम्पोवाला समोर बसलाय माझ्या. तू म्हणतोस ते खात्याच्या सहीशिक्क्यानिशी लिहून आण. तरच त्याला परत पाठवते."

शिपाई साहेबांचा बूट पुसत होता. साहेब संध्याकाळपर्यंत साहेबच होते. सावकाश पायरीवर बसला, मेव्हण्याने पाठ वाकवून टेबल केलं आणि अर्ज तयार झाला:

"प्रति, मा. मोठे साहेब, रस्ते खाते. विषय: कार्यालयाचे आवार तिरके करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले आवार विनाकारण सपाट असल्याने अर्जदाराच्या वाहनाशी जुळत नाही. तरी सदर आवार डाव्या बाजूने चार बोटे (मेव्हण्याची) वजा चार बोटे (पत्नीची) इतके खाली घेण्यात यावे, तसा सहीशिक्क्याचा दाखला आजच देण्यात यावा, आणि काम पूर्ण होईपर्यंत उर्वरित दोन मजले कोणीही कापू नयेत, ही नम्र विनंती."