आयगिनाचे लोक

"लोक नाहीत," शशिकांत म्हणाले.

"कुठले लोक?" मार्गरेटने मान न वळवता विचारलं.

"आयगिनाचे. बेट आहे, लोक नाहीत."

मंगळवार होता, सकाळचे सव्वानऊ. नेपरव्हिलपासून वीस मिनिटांवरच्या एका छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं तळघर. भिंतीला लागून अठ्ठेचाळीस खणांचं लाकडी कपाट होतं आणि त्यात एका प्राध्यापकाने चाळीस वर्षं हाताने लिहिलेली अकरा हजारांवर कार्डं. प्राचीन ग्रीसमधल्या गावांना, नद्यांना, बेटांना रोमन लोक लॅटिनमध्ये काय म्हणत आणि तिथल्या माणसांना काय म्हणत, याची ती सूची. जागेचं कार्ड पांढरं, लोकांचं पिवळं. पांढऱ्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल टिक असली, की त्या जागेच्या लोकांचं पिवळं कार्ड आहे असं समजायचं. प्राध्यापक सहा वर्षांपूर्वी गेले. आता कार्डं संगणकात उतरवायची होती आणि त्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. त्यानंतर सूची दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाकडे जाणार, कपाट भंगारात जाणार आणि या खोलीत मुलांसाठी व्हिडिओ गेम खेळायची जागा होणार, असं ठरलं होतं.

पहिला खण शेवटी राहिला होता, कारण तो प्राध्यापकांच्या घरी होता. त्यांच्या मुलीने घर रिकामं करताना जानेवारीत तो पाठवून दिला. आयगिना त्याच खणात होतं. कार्डावर लाल टिक होती. मागे पिवळं कार्ड नव्हतं.

"'हरवलं' म्हणून टाक," मार्गरेट म्हणाली. ती या विभागाची ग्रंथपाल, पन्नाशीची, कामाच्या ढिगाखालीही शांत राहणारी बाई.

"प्रोग्रॅम घेत नाही. टिक असली तर लोक लागतातच, नाहीतर अख्खी नोंद बाहेर."

"मग बेट बाहेर. अकरा हजारांतलं एक."

"ज्याने टिक केली त्याने कार्ड लिहिलेलं आहे."

"माणसं चुकतात, शशी."

"चुकतात. म्हणून तर मला एकतीस वर्षं पगार मिळाला."

हे खरंच होतं. शशिकांत आसगावकर मूळचे सांगलीचे. ऑरोरामधल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ते ड्रॉइंग तपासायचे. ड्रॉइंग काढणारे वेगळे असत. शशिकांत प्रत्येक माप पुन्हा मोजत आणि खालच्या उजव्या चौकटीत 'तपासले' या शब्दापुढे एस. ए. अशी सही करत. त्यांनी स्वतः काढलेला एकही पंप जगात नव्हता. पण त्यांच्या सहीशिवाय बाहेर पडलेलाही नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची बायको रेखा गेली. घरात बसवेना, म्हणून त्यांनी ग्रंथालयातला 'स्वयंसेवक हवेत' हा कागद वाचून नाव दिलं. लॅटिन येत नव्हतं, पण मथळे वाचायला मार्गरेटने आठवड्यात शिकवलं.

आता घर विकलं होतं. मुलगा नील आणि सून रुचा चँडलरला होते आणि शनिवारी सकाळच्या विमानाने शशिकांत त्यांच्याकडे कायमचे राहायला जाणार होते. अर्धवट ड्रॉइंग टेबलावर ठेवून ते कधी सुट्टीवरसुद्धा गेले नव्हते.

त्यांनी आयगिनाचं पांढरं कार्ड पुन्हा वाचलं. प्राध्यापकांचं अक्षर मोहरीएवढं. बेटाची जुनी नावं दोन, ओयनोने आणि ओयनोपिया. त्यांची कार्डं निघाली, आणि ओयनोपियाच्या मागे एक पिवळं कार्डही निघालं : मिर्मिदोनेस.

"हे कोण?"

"मुंग्या," मार्गरेट म्हणाली. "साथीत बेटावरची सगळी माणसं मेली. राजाने ओकच्या झाडावर मुंग्यांची रांग पाहिली आणि देवाला म्हणाला, मला एवढी माणसं दे. सकाळी उठून बघतो तर मुंग्यांची माणसं झालेली. कामसू, काटकसरी, मिळवलेलं न सोडणारी."

"अशी माणसं मला माहीत आहेत," शशिकांत म्हणाले. "आमच्या मंडळाचे निम्मे सभासद."

मार्गरेट हसली. मग म्हणाली, "तुझ्या आडनावातही गाव आहे ना? एकदा म्हणाला होतास."

"आसगाव. आमचं मूळ गाव म्हणे."

"कसं आहे?"

"पाहिलं नाही. एकदा बसमधून पाटी दिसली होती. पणजोबा तिथून निघाले, का निघाले ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही." त्यांनी कार्डं सरळ केली. "मुंग्यांची माणसं कार्डावर आहेत, मार्गरेट. खरी माणसं नाहीत. हे बरोबर नाही."

बुधवारी त्यांनी पहिला खण एकेक कार्ड करून पाहिला. मग जुन्या नावांचे खण. मग शेजारच्या बेटांचे, एखादं कार्ड सरकून गेलं असेल म्हणून. अथेन्सही पाहिलं, कारण पांढऱ्या कार्डावर अथेन्सचं नाव होतं : ख्रिस्तपूर्व ४३१ मध्ये अथेन्सवाल्यांनी बेटावरच्या सगळ्यांना बायकामुलांसह हुसकून लावलं आणि तिथे आपली माणसं वसवली. स्पार्टाने त्या लोकांना थिरेआ नावाचं गाव राहायला दिलं. कुठेच काही सापडलं नाही. चार वाजता मार्गरेटने त्यांच्यासमोर कॉफी ठेवली, तेव्हा कपाला हात लावायच्या आधी त्यांनी बोटांवरची धूळ रुमालाला पुसली.

घरी आले तर नीलचा फोन. "बाबा, पॅकिंग झालं? तुमची रूम डाउनस्टेअर्सच ठेवलीय, जिन्याची कटकट नको. रुचाने पडदेसुद्धा लावलेत."

"अरे, पडद्यांची काय घाई होती?"

"ते तुम्ही तिलाच सांगा, माझी हिंमत नाही. आणि ऐका, मंजुषामावशीला कळवलंत का? ती पाडव्याला बॉक्स पाठवते ना. नवीन मालकाच्या दारात पुरणपोळ्या जातील, यार. आणि तो परत देणार नाही."

मंजुषा ही रेखाची मैत्रीण, बावीस वर्षांपासून टेक्ससमधल्या अर्विंगला. तिच्याशी फोनवर बोलायची ती रेखाच. शशिकांतांनी बांधलेल्या खोक्यातून रेखाची हिरव्या पुठ्ठ्याची डायरी काढली आणि 'म' उघडला. मंजुषा नव्हती. आडनावाखाली पाहिलं, नव्हती. अर्विंग म्हणून 'अ' पाहिला, तिथेही दुसरीच माणसं. मग पहिल्या पानापासून सुरुवात केली.

मंजुषा 'ऑ'मध्ये निघाली. 'मंजुषा : ऑरोरा, आपल्याकडे.' खाली एकाखाली एक पाच नंबर, चार खोडलेले. शेवटचा टेक्ससचा.

"ऑरोरा?" मंजुषा फोनवर जवळजवळ ओरडलीच. "अहो भाऊजी, मी ऑरोरात राहिले किती? पाच आठवडे!"

"ऐन थंडीतले."

"आमची बिल्डिंग जळाली त्या वेळी. अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते मी, कडेवर देवांग. आणि रेखा काय म्हणते, तुम्ही वरच्या खोलीत झोपा, आम्हाला बेसमेंटच आवडतं, खाली हीटर जास्त चांगला चालतो."

"खाली हीटर नव्हताच."

"माहितेय! तिसऱ्या दिवशी खाली गेले तर तुम्ही दोघं कोट घालून झोपलेले." ती हसता हसता थांबली. "त्यानंतर मी पाच घरं बदलली, भाऊजी. तिने प्रत्येक वेळी नंबर बदलला आणि पत्ता नाही बदलला?"

"नाही."

"वेडी होती," मंजुषा म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "चँडलरचा पत्ता पाठवा. पोळ्या तिकडे पाठवते."

फोन ठेवल्यावर शशिकांत डायरी मांडीवर घेऊन बसले. मंजुषाचा जन्म अकोल्याचा आणि संसार अर्विंगचा, पण रेखाने तिला लिहिलं होतं ते जिथे तिला जागा मिळाली त्या गावाखाली. पांढऱ्या कार्डावरची ती ओळ त्यांनी दोन दिवसांत दहा वेळा वाचली असेल. थिरेआ, राहायला दिलं. थिरेआचा खण मात्र उघडला नव्हता.

गुरुवारी ते पावणेनऊलाच ग्रंथालयाच्या दारात उभे होते. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढिगारे वितळत होते. मार्गरेटने कुलूप काढलं, तसे ते कोट न काढता चाळिसाव्या खणाकडे गेले. थिरेआचं पांढरं कार्ड जागेवर होतं. त्याच्या मागे पिवळं काही नव्हतं.

ते कार्ड हातात धरून उभे राहिले. मग हळूच खुर्चीवर बसले.

"काय झालं?" मार्गरेटने विचारलं.

"इथे होतं. मी काढलं."

नोव्हेंबरात हा खण त्यांनीच उतरवला होता. थिरेआच्या मागे भलत्याच लोकांचं कार्ड पाहिल्याचं त्यांना आता स्वच्छ आठवलं. जागा चुकलेली कार्डं वेगळ्या खोक्यात ठेवायची, ही पद्धत त्यांनीच घालून दिली होती.

"ते बुटांचं खोकं?" मार्गरेट उभी राहिली. "काल टेबलाखालचं सगळं मी रद्दीत दिलं. निळा डबा. गाडी दहाला येते."

निळा डबा मागच्या दाराशी होता, छातीएवढा उंच. एकोणसत्तर वर्षांच्या शशिकांतांनी कोट काढून मार्गरेटच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि वाकून वर्तमानपत्रं, पिझ्झाची खोकी, परीक्षेचे पेपर एकेक करून बाहेर ठेवले. फेकले नाहीत, थप्पी लावली. साडेनऊच्या सुमारास खोकं हाताला लागलं. त्यात चौतीस कार्डं होती. पिवळं कार्ड एकोणिसावं.

'आयगिनेताय. आयगिनेन्सेस असेही.' खाली मोहरीच्या अक्षरात : ४३१, बायकामुलांसह बाहेर. थिरेआत घर आणि कसायला जमीन. सात वर्षांनी अथेन्सवाले तिथेही आले, गाव जाळलं, हाती लागले त्यांना अथेन्सला नेऊन मारलं. ४०५, उरलेसुरले बेटावर परत. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे प्राध्यापक प्रत्येक कार्डाची जागा लिहीत, तिथे शाईने स्पष्ट लिहिलेलं : थिरेआ.

त्या शब्दावर पेन्सिलीची एक रेघ होती. शेजारी पेन्सिलीनेच, इंग्रजीत : 'जागा चूक. तपासले. एस. ए. १४ नोव्हेंबर.'

"कुणालाही तसंच वाटलं असतं," मार्गरेट म्हणाली. "मलाही."

"त्याने लिहून ठेवलं होतं. मी वाचलं आणि त्याला चूक ठरवलं." शशिकांतांनी चष्मा पुसला. "तपासणाऱ्याला कुणी तपासत नाही. आमच्या धंद्यातली जुनी खोट आहे ही."

"खोडरबर देऊ?"

"नको. ड्रॉइंगवर खोडायचं नसतं. आधी काय होतं ते दिसलं पाहिजे."

टेबलाशी येऊन त्यांनी शाईचं पेन काढलं. स्वतःच्या शेऱ्यावर पट्टीने एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्याखाली लिहिलं : 'जागा बरोबर.' सही केली, तारीख घातली. एकतीस वर्षांत स्वतःची सही कापायची ही पहिलीच वेळ, हे त्यांनी मार्गरेटला सांगितलं नाही.

मग नोंद भरली. जागा, आयगिना. लोक, आयगिनेताय; पाहा थिरेआ. पडद्यावरची लाल चौकट हिरवी झाली. उरलेली तेहतीस कार्डं त्यांनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली. त्यांतली पाच प्राध्यापकांनी जाणूनबुजून तशी ठेवली होती. ती पाचही परत गेली.

शुक्रवारी पावणेपाचला सूची रवाना झाली. पाचला दोन माणसं ढकलगाडी घेऊन आली.

"ते पिवळं कार्ड तू घेऊन जा," मार्गरेट म्हणाली. "आठवण म्हणून. नाहीतरी सगळं भंगारातच जाणार आहे."

शशिकांतांनी कार्ड हातात घेतलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग कपाटापाशी जाऊन चाळिसावा खण ओढला, थिरेआचं पांढरं कार्ड शोधलं आणि पिवळं त्याच्या मागे उभं सरकवलं.

"त्याची जागा आहे," ते म्हणाले.

माणसांनी कपाट गाडीवर चढवलं. दाराच्या उंबऱ्यावर चाक अडखळलं, कपाट कललं आणि चाळिसावा खण हातभर बाहेर आला. "एक मिनिट," शशिकांत म्हणाले. ती माणसं थांबली. त्यांनी तळहाताने खण सावकाश आत सारला, पूर्ण बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबून धरला आणि मग बाजूला झाले.