नामबाईंच्या बुधवारचा चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. लांबोडका, बुटका, पाय मुडपून भिंतीला टेकवता येतो असा. मित्रांनो, जॉन्जू शहरातल्या एका विद्यापीठात, ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. सध्या मी भिंतीला टेकून उभा आहे. खरं सांगू? बरं वाटतंय. उभं राहणं हीच माझी विश्रांती. पाय उघडले की काम सुरू.

मला घडवलं लग्नाच्या पंगतींसाठी. सुतारानं माझ्यावर तपकिरी रंगाचे इतके हात दिले होते की जेवणाऱ्यांना माझ्यात आपला चेहरा दिसे. लोक म्हणत, "काय सुरेख लाकूड आहे!" पुढं ती खानावळ बुडाली आणि तिच्या मालकानं मला मंडळाला देऊन टाकलं. तिथं मात्र माझं कौतुक कुणी केलं नाही. मुलांना भूकच इतकी असायची की मी त्यांना दिसायचोच नाही.

दर बुधवारी खोलीत जेवण असे. वाफाळता भात, सूप, आंबवलेला कोबी. जेवण झालं की मला पुसायचं आणि माझ्यावरच बायबल उघडायचं. मग गाणी, प्रार्थना, कुणाची प्रेमप्रकरणं, कुणाची नापास झाल्याची रडारड. इतक्या वर्षांत मला एक कळलंय, रडणाऱ्या माणसाचे कोपर फार जड लागतात.

हे सगळं सांभाळायच्या नामबाई. त्याही कधीकाळी इथंच शिकायला आल्या होत्या. शिक्षण संपलं, पण त्या गेल्या नाहीत, मंडळाच्या सेविका झाल्या. दर वसंतात नव्या मुलांची नावं पाठ करायची, दर हिवाळ्यात त्यांना निरोप द्यायचा. मुलं नोकऱ्यांना लागत, सुरुवातीला फोन करत, मग सणाला करत, मग तेही नाही. नामबाई सगळ्यांना वाढून शेवटी दाराजवळच्या कोपऱ्यात बसत आणि भांड्याच्या तळाची खरपुडी खात. "मला हीच आवडते," म्हणत. मुलांना ते खरं वाटे.

बांग ग्यूहो हा त्यांचा फार लाडका. भाताच्या तीन-तीन वाट्या संपवायचा आणि त्याच्या हसण्यानं मी थरथरायचो. एका उन्हाळ्यात सगळं मंडळ समुद्रकाठी शिबिराला गेलं असताना त्याची आई वारली. निरोप पोचला. पण पोरांचा एवढा मोठा घोळका सोडून कसं जायचं, म्हणून नामबाईंनी फुलांचं मोठं चक्र पाठवलं. शिबिर संपल्यावर ग्यूहो खोलीत आला. बसला नाही. "बाई, तुमची फुलं पोचली," तो म्हणाला. "माणूस एकही पोचलं नाही." आणि गेला तो गेलाच. मध्ये सैन्यातली सक्तीची नोकरी करून विद्यापीठात परतलाही, पण आमच्या मजल्यावर फिरकला नाही.

नामबाईंनी त्यानंतर माफीचे निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून त्यांचा हात मंद झाला. मला पुसतापुसता मध्येच थांबत, फडकं तसंच माझ्यावर ठेवून खिडकीबाहेर पाहत बसत. मुलंही कमी होत गेली. कुणाला वेळ नसे, कुणाला विश्वास नसे. बुधवार काही चुकला नाही.

अशाच एका बुधवारी, परीक्षेच्या दिवसांत, दुपारी नामबाईंना फोन आला. माझ्याशेजारी बसूनच त्यांनी ऐकला. "बरं," म्हणाल्या. फोन ठेवला आणि मुळा चिरायला घेतला. चिरतच राहिल्या. माझ्यावर मुळ्याचा ढीग झाला.

संध्याकाळ होताना दार उघडलं. मंडळाची प्रमुख ओक दाबिन आत आली, आणि तिच्यामागून खांद्यावर तांदळाचं पोतं घेतलेला ग्यूहो.

"पोतं कुठं टाकू, बाई?" तो कोरडेपणानं म्हणाला.

नामबाईंनी वर पाहिलं. "तू होय रे! किती वाळलास. बस, जेवूनच जा."

"जेवायला नाही आलो. हिनं जिन्यात गाठलं, म्हणून हमाली करतोय."

"दादा, पूर्वी निम्मं पोतं तूच संपवायचास म्हणे," दाबिन हसली. "मग उचलायला काय होतंय?"

ग्यूहो हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. "एवढा मुळा? कितीजण येणार आहेत?"

"मुळ्याचं सूप माझ्या आईला फार आवडायचं," नामबाई म्हणाल्या.

"आवडायचं म्हणजे?"

सुरी थांबली. "आज सकाळी वारली. तिकडं मोक्पोला, गावी."

"आणि तुम्ही इथं मुळा चिरताय?"

"पोरं येतील ना. परीक्षेत उपाशी राहतात."

"खड्ड्यात गेली पोरं!"

"दादा!" दाबिन दचकली.

"गप गं. आधी तो गॅस बंद कर."

नामबाई हलल्या नाहीत. "तिकडं आहे कोण? आईला मी एकटीच. शोकाला येणाऱ्यांना जेवू घालायचं असतं, तर वाढायलाही माणूस नाही." मग आवाज आणखी खाली गेला. "तुझ्या आईच्या वेळी मी आले नाही, ग्यूहो. आता माझ्या आईसाठी कोणत्या तोंडानं कुणाला बोलावू?"

ग्यूहोनं आपला तळवा माझ्यावर टेकला. मला वाटलं, आता मला उलथवतो की काय.

"ते मी विसरलो नाही," तो म्हणाला. "विसरणारही नाही. पण त्यात त्या म्हातारीचा काय दोष? उठा. कोट कुठंय तुमचा?"

दोघांनी त्यांना धरून नेलं. मी मुळ्यासकट तसाच पडून राहिलो. पुढचं मला पुढच्या बुधवारी कळलं, दाबिननं मुलांना सांगितलं तेव्हा. बस मोक्पोला पोचेपर्यंत ग्यूहो फोनवर जुन्या मुलांना एकेक करून दटावत होता. "येतोस की येऊ घरी?" असं. आणि आले. बँकेतले, शाळेतले, काखेत तान्ही पोरं घेतलेल्या आया. शोकगृहात बसायला जागा उरली नाही. नामबाई आईच्या तसबिरीपाशी बसून होत्या, त्यांना कुणी उठू दिलं नाही. शोकाचे सगळे दिवस ग्यूहो आलेल्यांसाठी तिखट रश्शाची ताटं उचलत होता. कुठल्याशा आजीबाईंनी विचारलं, "मुलगा का हा तुमचा?" नामबाईंच्या आधी तोच म्हणाला, "नाही हो आजी, आमचं भांडण आहे."

मंडळ काही पुन्हा गजबजलं नाही, मित्रांनो. उगाच गोड सांगत नाही. नामबाईंनी वसंतापर्यंत रजा घेतली. मुलं आळीपाळीनं रांधतात, भात करपतो नाहीतर कच्चा राहतो. ग्यूहो येतो. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, तो उघडेच ठेवतो आणि सूप उतू जाणार नाही हे पाहतो.

मागच्या बुधवारी नामबाई पाहुण्या म्हणून आल्या. सवयीनं दाराकडे सरकल्या, तर दाबिननं दंड धरून त्यांना मधोमध बसवलं. ग्यूहोनं वाटी पुढं केली. त्या पोटभर जेवल्या, आणि सगळे अजून जेवत असतानाच माझ्यावर डोकं टेकून झोपी गेल्या. मुलांनी चमचे खाली ठेवले. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. त्यांच्या डोक्याचा भार मी आनंदानं सोसला.

मित्रांनो, जो सगळ्यांना वाढतो तो न दमणारा असतो, असं समजू नका. लाकूडही दमतं. त्याला कधीतरी मधोमध बसवा आणि "जेवलात का?" असं विचारून उत्तराची वाट पाहा. आणि कुणाच्या घरी दुःख झालं, तर फुलं नंतर पाठवा, आधी स्वतः जा.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मला पुसताना फडकं तेवढं घट्ट पिळून घ्या. आता मला पाणी सोसत नाही.