वरवरचे जव

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा आहे. कोरियातल्या एका गावच्या शाळेत मी रोज जायचो. तिथे माझ्याकडून खोटं वदवून घेतलं गेलं, त्याचा राग अजून गेलेला नाही!

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं आणि बाजारातून बोक्सिलच्या आईनं मला घरी नेलं. बोक्सिल तिची एकुलती एक लेक. तेव्हा तांदूळ कमी पडायचा. म्हणून डब्यातल्या भातात जव मिसळलेच पाहिजेत, असा सरकारचा हुकूम होता. नोह गुरुजी जेवणाआधी प्रत्येकाचं झाकण उघडून बघायचे.

आईनं काय करावं? माझ्यात पांढराशुभ्र भात ठासायची आणि वरून जवाचा पातळ थर पसरायची! "माझ्या पोरीनं गरिबाचे जव का खावेत?" म्हणायची. स्वतः मात्र जव आणि मुळ्याचा पाला खायची. बोक्सिल तो थर चमच्यानं खरवडून टाकायची, किमचीला, म्हणजे कोबीच्या आंबट-तिखट लोणच्यालाही, शिवायची नाही. आणि गुरुजी म्हणायचे, "डबा असावा तर बोक्सिलसारखा!" असली शाबासकी काय चाटायची आहे?

एकदा तपासणी झाली आणि माझं झाकण लागतंय तोच बोक्सिल पोट धरून खाली बसली. गुरुजींनी तिला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला. दप्तरात मीही होतो. मागोमाग आई धावत आली.

"शौचाला साफ होतं का गं?" डॉक्टरांनी विचारलं. बोक्सिलनं लाजून तोंड फिरवलं.

"ती रोज जव खाते हो," गुरुजीच बोलले. "बद्धकोष्ठाचं नावच नको."

"मग आतड्याचंच दुखणं दिसतंय. शहरात न्या. कदाचित पोट कापावं लागेल."

आणि आई खाली बघत उभी! अहो, लेकीच्या पोटावर सुरी चालायची वेळ आली, तरी गुरुजींपुढे लाज कसली? मला वाचा असती तर दवाखाना डोक्यावर घेतला असता.

"आई, सांग ना गं!" बोक्सिलनं हंबरडा फोडला. "मला कापतील!"

तेव्हा कुठे आईनं मला बाहेर काढलं आणि बोटांनी वरचा थर बाजूला केला. "खाली सगळा पांढरा भात आहे, गुरुजी. रोजच असतो. बरेच दिवस पोरीला धड झालेलं नाही."

डॉक्टरांनी पोट पुन्हा चाचपलं, एनिमा दिला. संध्याकाळी बोक्सिल चालत घरी आली. "लाडानं कोंडलंत हो पोरीला," डॉक्टर आईला म्हणाले. "जव, सोयाबीन, पालेभाजी हळूहळू वाढवा. पाणीही भरपूर पाजा." गुरुजींचा चेहरा उतरला होता. त्यांनी मला कधी चमच्यानं ढवळूनही पाहिलं नव्हतं.

आता मी एका खाणावळीत आहे. लोक माझ्यात पांढरा भात आणि तळलेलं अंडं घेतात, 'जुने दिवस' म्हणत फोटो काढतात. कसले जुने दिवस? जवाचा दाणा नाही, भाजीचं पान नाही! मित्रांनो, मला घासून चकचकीत ठेवा असं माझं मागणं नाही. पोचे राहू देत. फक्त पोराबाळांच्या डब्यात जव घालाल तेव्हा तळापर्यंत घाला.