साहेबांमार्फत

"साहेब, तुमच्या तीर्थरूपांना विचारा, कानटोपी पिशवीत ठेवायला आणलीय की डोक्यात घालायला?"

काकूंनी हे कुत्र्याच्या कानाशी वाकून विचारलं. बॉयलरकाका कुत्र्याच्या पलीकडे, त्याच बाकावर बसले होते. त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"मातोश्रींना सांगा साहेब, बर्फ दिसला की घालतो. आत्तापासून कान बांधले तर मळमळायला लागेल."

बस घाट चढत होती. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून आधी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि शेवटी कुत्र्याकडे. तिघांत त्यातल्या त्यात शहाणा तोच दिसत होता.

काकांनी जन्मभर एका हॉस्पिटलच्या तळघरात बॉयलर सांभाळला. वरच्या मजल्यांवर माणसं जन्मत होती, मरत होती. काकांना ठाऊक फक्त वाफेचा दाब. पण घरात दाब कधी वाढला हे त्यांना कळलं नाही. लेकीने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं तेव्हा ते तिला नको ते बोलले, आणि काकूंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. घरात माणसं दोन आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. असे कितीतरी महिने गेल्यावर तळघरात उबेला आलेलं एक पिल्लू काका कोटाखाली लपवून घरी घेऊन आले. बॉयलर तपासायला दरवर्षी एक साहेब यायचे, हसायचे म्हणून नाहीत. पिल्लाचं तोंड हुबेहूब तसं. त्या संध्याकाळी काकू पिल्लाला म्हणाल्या, "साहेब, ह्यांना म्हणावं, पान वाढलंय." काका मुकाट्याने जेवायला बसले, आणि ताटावर त्यांचे डोळे भरून आले.

भांडण पुढे विरून गेलं. लेक आली, जावई आला, नातीला तर काकांनी खाली ठेवलं नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नवराबायकोचं सगळं बोलणं साहेबांमार्फतच होत राहिलं. भाजी काय करायची, दिवा कुणी मालवायचा, गुडघ्याला तेल कुणी लावायचं. त्यात सोय अशी की समोरचा रागावला तर म्हणता यायचं, "तुम्हाला कोण बोललं? मी साहेबांशी बोलतोय."

आता लेकीने दोघांना आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. नातीला दमा, कुत्र्याचा केससुद्धा घरात चालायचा नाही. तेव्हा लेकीनेच तोड काढली. डोंगरात खोल्या भाड्याने देणारी तिच्या ओळखीची एक बाई होती, विधवा. तिचा कुत्रा नुकताच गेला होता. "दोन दिवस बर्फात फिरून या, आणि त्याला तिथेच ठेवून या," लेक म्हणाली. काकांना लेकीकडे जायचंच नव्हतं. पण काकूंना नातीचा लळा. म्हणून ते साहेबांना म्हणाले, "नातीजवळ राहायला मिळतंय, साहेब. आणखी काय हवं माणसाला?" त्यावर काकू साहेबांना म्हणाल्या, "खरंच. लिफ्टचं घर आहे, गुडघ्यांना आराम पडेल." झालं, ठरलं. राहत्या घराची किल्ली मालकाच्या हातात देऊनच ते बसमध्ये बसले होते.

खोली लाकडी होती, छत बुटकं. कोपऱ्यात लोखंडी शेगडी धुमसत होती. काकांनी पिशवी ठेवायच्या आधी शेगडीच्या नळीवर कान टेकवला, झडप जरा उघडली, आणि आत ज्वाळेने नीट सूर धरल्यावरच कोट काढला.

"साहेब, तीर्थरूपांना म्हणावं, तुम्ही निवृत्त झालात," काकू म्हणाल्या.

दुपारी साहेबांना घेऊन ते बर्फात गेले. साहेब आता थकले होते, मागचा एक पाय ओढत चालायचे. बर्फ पाहून आधी त्यांनी साहेबासारखीच पाहणी केली, नाक खुपसलं, शिंकले. आणि मग काय अंगात आलं कोण जाणे, लंगडत लंगडत काकूंभोवती गोल धावत सुटले. काकू हसता हसता धपकन खाली बसल्या. काकांनी हात पुढे केला, काकूंनी तो धरला. उठल्यावर दोघांनी हात सोडले आणि दोघेही साहेबांच्या अंगावरचा बर्फ झटकायला लागले.

संध्याकाळी काकू शेगडीजवळ शिवत बसल्या. काकांचा जुना स्वेटर कापून त्या साहेबांसाठी झूल करत होत्या. जन्मभर लोकांचे कपडे उसवून शिवलेले हात. टाका एवढासाही तिरका जात नव्हता. काका त्या हातांकडे पाहत राहिले. हिची तयारी झालीय, त्यांना वाटलं. मन थाऱ्यावर नसतं तर टाका असा सरळ पडला असता का?

तरी त्यांच्याने राहवेना.

"साहेब," ते म्हणाले, "करमेल ना इथे?"

विचारलं साहेबांना, कान लागले होते काकूंकडे. "नाही करमायचं" एवढं जरी ती म्हणाली असती तर पहाटेच्या बसने ते तिघं परत निघणार होते. पुढचं पुढे. लेकीच्या हातापाया पडू, कुठेतरी तळमजल्यावर खोली बघू.

काकूंची सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"न करमायला काय झालं? अंगण आहे, मोकळी हवा आहे. साहेब शहाणे आहेत, रडायचे नाहीत."

काकांनी उठून शेगडीत आणखी एक लाकूड सरकवलं.

दुसऱ्या दिवशी खोलीवाली बाई म्हणाली, "मी ह्याला स्वयंपाकघरात नेते. तुम्ही पुढच्या दाराने जा. मागे वळून बघू नका, उगाच त्रास होतो." बाई भली होती. साहेब अंगावर झूल घालून, मटणाच्या हाडामागे आत गेले. ते भुंकले नाहीत. पण बॉयलरच्या घरघरीतून नेमका बिघाड ओळखणारे काकांचे कान. दारावर ओरखडणारी नखं त्यांना रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिली.

ड्रायव्हर म्हणाला, "लवकर बसा. ही शेवटचीच. आता घाट मोकळा होईपर्यंत वर गाडी नाही."

बाकावर काका खिडकीशी बसले, काकू कडेला. खाली उतरताना एका थांब्यावर एक माणूस पोतं घेऊन चढला. "मधे ठेवू का हे? जागा रिकामीच आहे."

"नको!" दोघंही एकदम ओरडले.

तो माणूस चपापून मागे गेला. काकांनी काकूंकडे पाहिलं. मधे कुणी नव्हतं, त्यामुळे सरळ तिच्याकडेच पाहावं लागलं. तिची हनुवटी थरथरत होती.

"तुला द्यायचा नव्हता?" काकांनी विचारलं.

"मला?" काकूंचा आवाज फुटला. "मी कशाला देऊ? तुम्हाला लेकीकडे जायचं होतं म्हणून मी..."

"मला नव्हतं जायचं. मला वाटलं तुला नात..."

"नात काय, सुट्टीत येतेच की. मला वाटलं तुमचे गुडघे..."

"मग काल बोलली का नाहीस? मी विचारलं होतं."

"मला कुठे विचारलंत?" काकू म्हणाल्या. "साहेबांना विचारलंत."

किल्ली दिलेली, सामान लेकीकडे पोचलेलं, वरचा रस्ता बंद. आणि समजा मोकळा असता, तरी त्याला न्यायचं कुठे? काकांना मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण भरल्या बसमध्ये पदराशिवाय कसं रडायचं हे पुरुषांना कुणी शिकवत नाही. ते काचेवरचं धुकं पुसत बसले. पुसलं की पुन्हा यायचं.

घाट संपला. बस एका चहाच्या टपरीपाशी थांबली. लोक भराभर उतरले. काका-काकू जागचे हलले नाहीत. वाफाळत्या किटल्या खिडकीतून दिसत होत्या. काकूंनी शाल सावरली, पुढच्या बाकाच्या पाठीकडे पाहिलं, मग मान वळवून म्हणाल्या, "अहो."

ही हाक ऐकून इतकी वर्षं झाली होती की काकांना ओ द्यायला वेळ लागला.

"चहा घेताय का?" काकूंनी विचारलं.

काकांचा घसा कोरडा पडला होता. हातपाय गारठले होते.

"तुला हवा असेल तर घेऊ," ते म्हणाले.

"मला काही नाही. तुम्हाला हवा असेल तर."

"माझं काही अडलं नाही."

"मग राहू दे."

"राहू दे."

लोक तोंडं पुसत परत चढले. ड्रायव्हरने दार ओढून घेतलं, आणि बस निघाली.