बोकाग्रांदेतला तळमजला

रोद्रिगो उमान्याने सरबताच्या ग्लासाची कड रुमालाने पुसली आणि मग घोटही न घेता ग्लास खाली ठेवला, तेव्हाच तो एदिल्माच्या मनातून उतरला. दातांची डॉक्टर म्हणून निम्म्या कार्ताहेना शहराचे दात काढून ती निवृत्त झाली होती. नवरा गेल्यावर समुद्रकाठच्या बोकाग्रांदे वस्तीतलं तळमजल्याचं हे घर विकून त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायला जायचं, असं तिने ठरवलं होतं. भाचा हायरो घरांची दलाली करायचा. हे गिऱ्हाईक त्यानेच बोगोताच्या थंड डोंगरावरून धरून आणलं होतं.

"समुद्र किती जवळ आहे!" उमान्या खिडकीतून म्हणाला.

"ऑक्टोबरात याहून जवळ येतो. गटारातून वर येतो आणि घरात शिरतो."

हायरोला ठसका लागला. "आत्याला थट्टा करायची सवय आहे, साहेब."

"मी पूल बांधलेत, बाई," उमान्या हसला. "पाणी मला कळतं."

"मग उत्तमच. आलं की त्याला तुमची ओळख सांगा."

उमान्या आणखी मोठ्याने हसला. या किनाऱ्यावरची माणसं आधी घाबरवतात आणि मग भाव वाढवतात, हे त्याला घरूनच सांगितलं होतं म्हणे. हे तो तिच्याच खुर्चीत बसून, तिच्या तोंडावर म्हणाला.

तो गेल्यावर हायरो चिडला. "आत्या, तुला विकायचंय की नाही?"

"विकायचंय ना. खरं सांगून विकतेय. माणूसच माठ निघाला, तर मी काय त्याच्या डोक्यात भोक पाडू?"

उमान्याने घर घेतलं आणि आत लाकडी जमीन घालून घेतली, फिक्कट पांढरी. बायकोला फोनवर दाखवत तो अनवाणी फिरायचा. एदिल्मा जाता-येता उघड्या दारातून बघायची. लाकूड! या गल्लीत! हसण्याचेही कष्ट घ्यावेसे तिला वाटेनात.

ऑक्टोबरात आभाळ स्वच्छ होतं, पावसाचा थेंब नव्हता. भर दुपारी भरतीचं पाणी गटारांच्या झाकणांतून बुडबुडत वर आलं, रस्ता ओलांडून उंबऱ्याच्या आत गेलं. थोड्या वेळाने उमान्या तिच्या दारात उभा राहिला. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं."

"असं सांगतात? मला मूर्खात काढत? तुमच्या त्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवेल?"

हे तिला टोचलं. गाढवाच्या तोंडून एखादा शब्द बरोबर निघावा, तसं. पण ती म्हणाली, "आत येऊ नका, फरशी ओली होईल," आणि तिने दार लावलं.

फेब्रुवारीत उमान्याने घर विकायला काढलं. जमीन बदलली होती, भिंती रंगवल्या होत्या. सिन्सेलेहोहून लिबिया नावाची एक शिक्षिका आईला घेऊन बघायला आली. म्हातारीच्या हातात काठी होती. उमान्या वारा, ऊन, समुद्र, सगळ्याचं कौतुक करत होता. पुलांचा विषय मात्र निघाला नाही.

बाल्कनीतून ती काठी दिसली आणि एदिल्मा खाली उतरली.

"मी इथे राहिलेय, बाळ," ती लिबियाला म्हणाली. तिने मुद्दाम आवाज मऊ ठेवला. तिला ते जड गेलं. "ऑक्टोबरात या घरात समुद्राचं पाणी भरतं. तुझ्या आईला त्यातून बाहेर काढणं तुला जमायचं नाही."

"बाई एकट्या असतात," उमान्या घाईने म्हणाला. "वयाने होतं असं. काहीही कल्पना करतात."

लिबियाने त्याच्याकडे पाहिलं, मग एदिल्माकडे. "कुठपर्यंत येतं?"

एदिल्माने वाकून पोटरीवर हात ठेवला. म्हातारीने काठी उचलली आणि ती दाराकडे चालू लागली. लिबियाने एदिल्माचा हात दाबला आणि आईच्या मागे गेली.

"तुम्ही माझा सौदा मोडलात!" उमान्या ओरडला.

"तुमच्यासारखा दुसरा सापडेल की," ती म्हणाली. "बोगोता केवढं मोठं आहे!"

सापडला नाही. उमान्या अजून तिथेच राहतो. भरती चढायला लागली की एदिल्मा बाल्कनीतून ओरडते, "इंजिनिअर, गाडी काढा!" तो वर बघत नाही, आभार मानत नाही. निमूट किल्ली घेऊन बाहेर येतो.

तिला तो अजूनही कवडीमोलाचाच वाटतो. ओरडायचं मात्र ती चुकत नाही.