तो आरांचिनो, ती आरांचिना

कातानियाहून पालेर्मोकडे निघालेल्या त्या जुन्या कॅम्परमध्ये भांड्यांचा खडखडाट कमी आणि आगातिनोची घोकंपट्टी जास्त चालली होती. "ती आरांचिना. ती गोल. ती गरम. ती आरांचिना." दर 'ती'ला त्याचं तोंड कारलं चावल्यासारखं होत होतं.

आगातिनो म्हणजे कातानियाचा अस्सल गडी. जन्मभर मालट्रक हाकला, निवृत्त झाल्यावर ही चाकांवरची खोली घेतली आणि बायकोला, वेनेराला, शेजारी बसवून अर्धी सिसिली पालथी घातली. फक्त पालेर्मो सोडून! का, तर तिथले लोक भाताच्या तळलेल्या गोळ्याला बाई करतात. वस्तू तीच हो. बाहेर कुरकुरीत कवच, आत खिमा आणि मटार. पण कातानियात तो आरांचिनो, शेजारच्या एटना ज्वालामुखीसारखा टोकदार, ताठ उभा. पालेर्मोत ती आरांचिना, संत्र्यासारखी वाटोळी. ह्यावरून ठरलेली लग्नं मोडलीत, असं आगातिनो छातीठोकपणे सांगायचा.

आणि नेमकं त्याच्याच पोरीने पालेर्मोचा मुलगा पसंत केला. तोही कोण, तर गास्पारे, तळणीच्या दुकानाचा वारस! नुन्झिया वर्षभर त्याच दुकानात कामाला होती. गास्पारेवर तिचा जितका जीव, तितकाच त्या कढईवर. दुकान गास्पारेच्या आजीचं, दोन्ना ओलिवाचं. म्हातारीने सांगून ठेवलं होतं, सांता लुचियाच्या सणाला व्याह्यांना जेवायला आणा. माणसं पटली तर दुकानाची किल्ली नुन्झियाच्या हातात, नाहीतर पोरांनी आपलं दुसरीकडे कुठेतरी बघावं.

"बाबा, तुमच्या पाया पडते," नुन्झिया फोनवर म्हणाली होती, "तिच्यासमोर एक जरी 'तो' निसटला ना, तर सगळ्यावर पाणी पडेल. त्यापेक्षा गप्पच बसा."

गप्प बसा! हे आगातिनोला फार लागलं होतं. "बघितलंस वेनेरा? पोरीला बापाच्या तोंडाची लाज वाटायला लागली."

"लाज नाही रे, धास्ती," वेनेरा म्हणाली. "तुझं तोंड मलाही ठाऊक आहे. समोर बघून चालव."

सणाच्या आदल्या दिवशी ते शहरात पोचले. नुन्झिया आणि गास्पारे बंदरापाशी उभे होते. गाडी इथेच लावा, असं दोघांनी परोपरीने सांगितलं. ऐकेल तो आगातिनो कसला! "ट्रक फिरवलेत मी, ट्रक," म्हणत त्याने सगळ्यांना आत घेतलं आणि कॅम्पर थेट बाजाराच्या गल्लीत घातला. जरा पुढे जाताच एका बाजूला मासळीवाल्याची ताडपत्री आणि दुसऱ्या बाजूला लसणाच्या माळा, मध्ये हा हत्ती अडकलेला. मागे जाता येईना, पुढे जाता येईना.

झालं, सगळा बाजार धावला. "डावीकडे घे!" "अरे तुझी डावी नाही, माझी डावी!" "आरसा मिट रे, आरसा!" मासळीवाल्याने ताडपत्रीचा बांबू खांद्यावर घेतला आणि कातानियाचा नंबर वाचून ओरडला, "लाव्हा आला रे, लाव्हा! रस्ता द्या!" अख्खी गल्ली खदखदून हसली. कोणीतरी खिडकीतून हरभऱ्याच्या पिठाच्या गरम तळलेल्या वड्या पावात घालून आत सरकवल्या. आगातिनोने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मागे गाड्यांचे भोंगे वाजत असताना पाव संपेपर्यंत गाडी हलवली नाही.

"कसं वाटलं, बाबा?" नुन्झियाने विचारलं.

"बरं आहे," आगातिनो बोटं चाटत म्हणाला.

शेवटी बाजारवाल्यांच्या मदतीने कॅम्पर गल्लीबाहेर निघाला आणि बंदरावरच लावावा लागला. मग चौघं पायी हिंडले. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी वासराच्या प्लीहेचे तुकडे भरलेला, लिंबू पिळलेला पाव खाल्ला. राजवाड्यातल्या सोन्याच्या छताकडे बघताना वेनेराची मान अवघडली. नाक्यावर तीनचाकीवाला कांदा-टोमॅटो लावलेली जाड भाकर ओरडून विकत होता, ती नको नको म्हणत आगातिनोने दोनदा घेतली. शहर झकास होतं. त्याला ते कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सांता लुचिया. त्या दिवशी पालेर्मोत पावाला आणि पास्त्याला सुट्टी. भात खायचा, उकडलेला गहू खायचा. म्हणजे टेबलावर तोंडात कोंबून गप्प बसायला पावाचा तुकडासुद्धा नाही.

दोन्ना ओलिवा मूठभर म्हातारी, कानात सोन्याच्या रिंगा, डोळे कढईतल्या तेलासारखे तापलेले. आगातिनोने इतकं घोकलं होतं, की दारातच गास्पारेला म्हणाला, "काय ग, बरी आहेस ना?" वेनेराने त्याला कोपर मारलं. म्हातारीने नुसतं बघितलं.

मग ताट आलं, सोनेरी गोळ्यांची रास, वाफा निघत होत्या. दोन्ना ओलिवाने एक उचलून आगातिनोच्या नाकासमोर धरला. "कातानियावाले, काय म्हणता ह्याला?"

आगातिनोच्या कपाळावर घाम आला. त्याचा बाप, आजोबा, अख्खा एटना त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. मग त्याने पोरीकडे पाहिलं. तिने मांडीवरचा रुमाल मुठीत चुरगाळला होता.

"आरांचिना," तो म्हणाला. "ती... आरांचिना."

नुन्झियाने सुस्कारा सोडला. सुटले एकदाचे! त्या आनंदात तिने समोरचा गोळा उचलला आणि फुंकर न मारता मोठा घास घेतला. आतला रस उकळता होता.

"आई ग! बाबा, फुंकर घाला, केवढा पोळतोय हा आरांचिनो!"

गास्पारेने डोळे मिटून घेतले. नुन्झियाचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि आगातिनोला, खरं सांगायचं तर, क्षणभर असा आनंद झाला की टेबलावर चढून नाचावं. माझा शब्द! भाजल्यावर पोरीच्या तोंडातून माझाच शब्द आला! पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि तो ताडकन उठला.

"दोन्ना ओलिवा, चूक तिची नाही, माझी. लहानपणापासून मीच कानीकपाळी ओरडलो. 'ती'च आहे ती. शंभर वेळा 'ती'. हवं तर मला बाहेर काढा, पण पोरीला..."

"बसा हो खाली!" म्हातारी कडाडली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिने डोळ्यांतून रिंगेपर्यंत ओघळलेलं पाणी पुसलं. "वर्षभर माझ्या दुकानात ही पोपटासारखी 'ती, ती' करते. मला झोप लागत नव्हती. म्हटलं, जी बापाचा शब्द इतक्या सहज टाकून देते, ती उद्या माझं दुकान टाकायला किती वेळ लावेल? आता कळलं. जीभ पोळली की माहेरचीच बोली बाहेर येते. यायलाच पाहिजे."

तिने एप्रनच्या खिशातून किल्ली काढून नुन्झियाच्या ताटाशी ठेवली. "पण गिऱ्हाइकासमोर 'तो' ऐकला तर झारा घालीन पाठीत. समजलं?"

गास्पारे खुर्ची पाडून उठला, वेनेरा रडायला लागली, कोणीतरी दारूची बाटली उघडली. एकच गोंधळ.

त्या गोंधळात नुन्झियाने अर्धा खाल्लेला गोळा बापापुढे धरला. आगातिनोने तो दोन्ही हातांत घेतला आणि ती शाळेत जायच्या आधी घालायचा तशी हळूहळू फुंकर घातली.

"घे," तो म्हणाला. "झाली बघ थंड."

"झाला, बाबा," नुन्झिया म्हणाली.