अहवाल तयार आहे

ऑफिसात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असलं तिचं काम. सॉफ्टवेअर तपासायचं, बग सापडला की यादीत चढवायचा आणि तो दुरुस्त होईपर्यंत प्रोग्रॅमरच्या मागे हात धुऊन लागायचं. प्रोग्रॅमर शेजारच्याच खुर्चीत. “माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय,” हे त्याचं ठरलेलं पालुपद. दोघांची जुंपली की बाकीचे कामं सोडून ऐकत बसायचे. नियम एकच होता: ज्याने बग चढवला, त्यानेच पुन्हा तपासून तो बंद करायचा. इतरांनी त्याला हात लावायचा नाही.

सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी होतं. पेशंटचा रिपोर्ट आला की त्याच्या फोनवर आपोआप मेसेज जाई: ‘आपला अहवाल तयार आहे. त्वरित भेटा.’ तो जातो की नाही हे रोज बघायला एक खराखुरा नंबर लागत होता. भिंगाने फार डोकं न चालवता बाबांचं नाव टाकलं, बाबांचं वय, बाबांचा नंबर. जगाच्या चुका टिपणाऱ्या बाईला यात काही चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी बाबांचा घाबराघुबरा फोन आला. ते दुसऱ्या गावी एकटेच राहत.

“अगं, माझा कसला अहवाल तयार आहे?”

“काही नाही हो बाबा, ती मीच. तपासत होते. असले मेसेज आले की खुशाल दुर्लक्ष करा.”

“म्हणजे रोज येणार का?”

“सुट्टी सोडून रोज.”

“येऊ देत, येऊ देत,” बाबा म्हणाले. कटकट वाटण्याऐवजी स्वारी खूशच दिसली.

अशी दोन वर्षं गेली. मग बाबांच्या मानेवर गाठ आली. गावातल्या दवाखान्यात तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तिथलं सॉफ्टवेअर भिंगाच्याच कंपनीचं. “आमचंच आहे हो ते, काळजी नको,” असं तिने वर ऐटीत सांगितलं.

दर रविवारी ती विचारी, “रिपोर्ट आला का?”

“नाही गं अजून.”

“दवाखाने म्हणजे नुसते ढिम्म. मी येऊन बघू का?”

“तू तुझं काम बघ. मी बसलोय की इथे रिकामा.”

अडीच महिन्यांनी घास गिळेना, तेव्हा बाबा आपणहून गेले. डॉक्टरांनी फाईल उघडली. अहवाल केव्हाच तयार होता, मेसेजही गेला होता. आता फार उशीर झाला होता. भिंग दवाखान्यावर तुटून पडायला निघाली, तर बाबांनीच तिला अडवलं. “माझा फोन बंद असेल तेव्हा. त्यांना कशाला बोल लावतेस?” ज्या माणसाचा फोन उभ्या जन्मात कधी बंद नव्हता, तो माणूस हे सांगत होता. तिनेही ते ऐकून घेतलं. पुढे चार महिन्यांत बाबा गेले.

घर आवरताना उशीखाली एक वही सापडली. बाबा आयुष्यभर बस डेपोत टाइमकीपर होते. कोणती गाडी किती वाजता आली हे लिहिण्यात त्यांची हयात गेली. या वहीत तिचे मेसेज होते. ‘१०.४० आला. पोरगी पोचली.’ ‘११.०५ आला. आज उशीर.’ पानंच्या पानं तेच. आपण ज्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलं, त्यावर म्हातारा दिवस काढत होता, हे तिला तेव्हा कळलं.

एका तारखेपुढे लिहिलं होतं: ‘४.१५ आला. फार उशीर. दमली असेल.’

ती तारीख तिच्या लक्षात होती. त्या दिवशी ती रजेवर होती, मैत्रिणीबरोबर पडद्यांचं कापड बघत दुकानं पालथी घालत होती. तिने मेसेज पाठवलाच नव्हता. आणि रजेचं बाबांना कळवलंही नव्हतं.

त्याच ओळीखाली वेगळ्या पेनाने, कापऱ्या अक्षरात होतं: ‘हा तिचा नव्हता. तिला सांगू नये.’

वही मांडीवर घेऊन ती तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली.

कामावर परतल्यावर तिने सगळ्यात आधी एक बग चढवला. ‘चाचणीचा मेसेज आणि खरा मेसेज यांत फरक कळत नाही.’ कुणाचं काय बिघडलं, या रकान्यात तिने झालं ते सगळं लिहिलं. प्रोग्रॅमरने ते वाचलं. त्याचं पालुपद काही निघालं नाही. मान खाली घालून दहा मिनिटांत त्याने दुरुस्ती केली.

आता पुन्हा तपासायचं होतं. नंबर तोच होता. तिने बटण दाबलं, आणि तिच्याच पर्समध्ये बाबांचा फोन वाजला. ‘ही फक्त चाचणी आहे,’ मेसेज म्हणत होता. तिने फोन बघितला, वही काढली, ‘११.२० आला’ एवढं लिहिलं. पुढे ‘पोरगी पोचली’ लिहायला हात उचलेना. बग तिने बंद केला नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी यादी वाचली. “हा एवढा एकच बग कशाला उघडा ठेवलाय? दुरुस्ती झाली ना?”

भिंगाने पर्स मांडीवर ओढून घेतली.

“नाही साहेब,” प्रोग्रॅमर म्हणाला. “माझ्याकडे अजून नीट चालत नाहीये.”